काळी दोन बंद पडली

गेल्या रविवारी आण्णांची पेटी मिरजेला घेऊन गेले. काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, दाबली की नुसता खर्ज, म्हणजे खालचा जाड सूर वाजायचा, त्याच्या जोडीचा वरचा नर सूर गप्प. दुहेरी सुरांच्या पेटीत एक सूर असा मुका झाला की बाकीचं कितीही गोड वाजू दे, कान तिथंच जाऊन अडकतो. आण्णा तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवायचे, ते गेल्यावर पेटी माझ्याकडं सांगलीला आली आणि आता तिच्यावर माझी पोरं, म्हणजे शिकायला येणारी पोरं, सरावाचे अलंकार वाजवतात.

मिरजेत तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीत शिरलं की आधी लाकडाचा नि पॉलिशचा वास येतो आणि मग टांगलेले भोपळे दिसतात, ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय मानांकन मिळालं तेव्हा मला घरचं कुणीतरी पास झाल्यासारखं वाटलं होतं. तर तिथं जवळच पेटी दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. त्यांनी पेटी मांडीवर घेतली, भाता दोनदा मारला, काळी दोन दाबून कान लावला आणि म्हणाले, "सूर मेला नाही ओ ताई, काहीतरी अडकलंय." चार स्क्रू काढले, वरची जाळी बाजूला, पट्ट्या उचलल्या आणि खालची सुरांची ओळ उघडी पडली. पितळेच्या पत्त्या, प्रत्येक पत्ती आपापल्या चौकटीत एका टोकाला रिवेटनं धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी. काळी दोनच्या पत्तीशेजारी बारीक, बाजरीच्या दाण्याएवढा पण नाही, लाकडाचा कण बसला होता. पातळ पात्यानं तो काढला, पत्ती नखानं टिंग केली, ती थरथरली.

एवढ्यावर सोडलं नाही त्यांनी. बाकीचे सूर पण एकेक ऐकले, दोन उतरलेले निघाले. पत्तीच्या खाली पातळ पट्टी सरकवून टोकाशी हलकंसं घासलं की सूर चढतो आणि बुडाशी, रिवेटजवळ घासलं की उतरतो. घासायचं, वाजवून बघायचं, परत घासायचं. तोंडानं सूर धरून ठेवायचे आणि हातानं पत्ती त्या सुराला आणायचे. पाऊण तासात पेटी हातात दिली. म्हणाले, "पालिताण्याचे सूर आहेत, तुमच्या पोरांना पण पुरतील." गुजरातेतलं पालिताणा पेटीच्या सुरांसाठी नावाजलेलं, आण्णा पण ते नाव असंच अभिमानानं घ्यायचे.

त्याच संध्याकाळी एका पालकांचा व्हॉट्सअॅप आला. मुलगा नववीत, माझ्याकडं दोन वर्षं पेटी शिकतोय. "ताई, घरी लॅपटॉप आहेच, त्याला जोडायचा छोटा कीबोर्ड घेऊ का चांगला कॅसिओ घेऊ? दुकानदार म्हणतोय लॅपटॉपमध्ये हजार वाद्यं मिळतात." (आमच्याकडं कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला कॅसिओच म्हणतात, तेव्हा मी पण तसंच म्हणणार.) हा प्रश्न मला वर्षातनं दहा वेळा येतो आणि दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हायला मला कधी जमलं नाही. म्हणून जे माझं झालंय तेच सगळं इथं लिहिते.

२०१२ ला मी पहिल्यांदा पियानोचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. शिकवणीचे दोन महिन्यांचे पैसे गेले होते त्यात. ते काय असतं माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, खऱ्या ग्रँड पियानोची एकेक पट्टी, ८८ च्या ८८, हळू जोरात मध्यम अशी वेगवेगळ्या जोरानं वाजवून रेकॉर्ड केलेली असते आणि आपण जोडलेल्या कीबोर्डवर जितक्या जोरानं बोट टाकू त्या जोराचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटर उचलून वाजवतो. पहिल्या रात्री मी हेडफोन लावून दोन वाजेपर्यंत वाजवत बसले होते. सांगलीत मी आयुष्यात खऱ्या ग्रँड पियानोला हात लावला नव्हता, अजूनही नाही, आणि तो आवाज माझ्या खोलीत, माझ्या बोटाखाली. त्यामुळं कॉम्प्युटरवरचं संगीत खोटं असतं असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. ते दोन वाजेपर्यंतचं वाजवणं खोटं नव्हतं.

त्या पियानोवर मी सहा-सात वर्षं काम केलं, शाळांची स्नेहसंमेलनं, ओळखीच्या कवींच्या कवितांना चाली, पोरांसाठी सरावाचे ट्रॅक. मग २०१९ चा ऑगस्ट. सांगलीतल्या कुणाला सांगायला नको, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही तेव्हा गावभागात तळमजल्यावर राहायचो. पाणी वाढतंय म्हटल्यावर मी कॅसिओ माळ्यावर टाकला, कागदपत्रं घेतली, आईची औषधं घेतली आणि डेस्कटॉप राहिला. परत आलो तेव्हा सीपीयूच्या डब्यात गाळ भरलेला होता, खोललं तर कृष्णामाईची माती बाहेर पडली.

नवा लॅपटॉप घ्यायला पुढं वर्ष गेलं. सॉफ्टवेअरचा सिरियल नंबर माझ्या डायरीत लिहिलेला होता, डायरी कागदपत्रांबरोबर वाचली होती, म्हणून मी निर्धास्त होते. घातला नंबर तर अॅक्टिव्हेशन होईना. चार दिवस खटपट केली. शेवटी कळलं की कंपनीनं ते सॉफ्टवेअर कधीच बंद केलंय, नंबर खरा का खोटा हे सांगणारा त्यांचा सर्व्हरच उरला नाही. मेल केले, एकाचंही उत्तर नाही. शिवाय ते होतं ३२ बिटचं आणि माझं नवीन रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फक्त ६४ बिट घेतं. म्हणजे पैसे मी दिले होते, नंबर माझ्याकडं होता, कीबोर्ड होता, बोटं होती आणि पियानो नव्हता. पुरानं जे नेलं त्याचं दुःख वेगळं, ते नदीनं नेलं. पण हे वाद्य माझं होतं असं मी सात वर्षं समजत होते आणि ते कधी माझं नव्हतंच, हे मला फार लागलं.

आण्णांची पेटी कुणी बनवली ते पेटीवर लिहिलं होतं, ती पाटी पुसलीय. बनवणारा माणूस आता नसणारच. पण चाचांना त्याला विचारावं लागलं नाही. चार स्क्रू काढले की सगळं समोर दिसतंय.

पण थांबा, कारण पुढची गोष्ट कॉम्प्युटरच्या बाजूची आहे आणि ती मला तेवढीच महत्त्वाची वाटते. माझी गाणी गेली नाहीत. आवाज गेला, गाणी राहिली. कारण मी प्रत्येक गाण्याची मिडी फाइल स्वतःलाच मेल करून ठेवायची. मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच. कुठली पट्टी, कधी दाबली, किती जोरानं दाबली, कधी सोडली, एवढंच लिहिलेलं असतं. जोर ० ते १२७ मध्ये मोजायचा, झालं. त्यामुळं अख्ख्या गाण्याची फाइल काही केबीची, मेलला जोडली की क्षणात जाते. नव्या लॅपटॉपवर एक फुकटचा पियानो टाकला, २०१३ ची एक फाइल उघडली आणि माझी तेव्हाची बोटं वाजायला लागली, म्हणजे अक्षरशः, मी एका जागी डावा हात नेहमी जरा उशिरा टाकायची ती खोड पण जशीच्या तशी. आवाज दुसरा, हात माझाच. मी बराच वेळ काही न करता नुसतं ऐकत बसले.

हे जमलं कारण मिडी, म्हणजे वाद्यांची एकमेकांशी बोलायची भाषा, कुणा एका कंपनीच्या खिशात नाही. त्याच्या आधी एका कंपनीचा कीबोर्ड दुसरीच्या कीबोर्डशी सहसा बोलायचा नाही. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे, रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला आणि १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथ, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारे कीबोर्ड, एका वायरनं जोडून दाखवले, एकावर वाजवलं की दुसरा वाजला. आणि त्याचे हक्काचे पैसे मागितले नाहीत, कुणीही वापरा म्हणून मोकळं ठेवलं. दोघांना २०१३ ला टेक्निकल ग्रॅमी मिळालं त्याबद्दल. चाळीस वर्षांपूर्वीचा मिडी सॉकेटवाला कीबोर्ड आज योग्य वायर घेऊन लॅपटॉपला जोडला तर चालतो, आणि कॉम्प्युटरच्या जगात चाळीस वर्षं म्हणजे कितीतरी पिढ्या झाल्या. माझ्या मनात आण्णांची पेटी आणि मिडी एकाच फडताळात बसतात, दोन्ही उघडता येतात म्हणून.

आता वाजवण्याचं बघू, कारण पालकांना दुकानात हे कुणी सांगत नाही.

लॅपटॉपला जोडायचा तो छोटा कीबोर्ड स्वतः मुका असतो. पट्टी दाबली की निरोप लॅपटॉपला जातो, लॅपटॉप आवाज तयार करून थोडा थोडा साठवून बाहेर सोडतो आणि त्या साठवण्याला वेळ लागतो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले आणि एका वेळी ५१२ साठवले तर साधारण १२ मिलिसेकंद, १२८ साठवले तर ३. आवाज हवेतनं एक मीटर जायला पण साधारण ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे १२ म्हणजे स्पीकर चार मीटर लांब असल्यासारखं, तेवढं आपण स्टेजवर नेहमी सोसतो. पण हा हिशोब चांगलं ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारा वेगळा डबा) आणि ते चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नीट असेल तर. नुसता घरातला लॅपटॉप असेल तर आवाज यापेक्षा बराच मागं राहू शकतो, आणि पोरगं ब्लूटूथचे इअरफोन लावून बसलं तर दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज होतात. दीडशे म्हणजे ५० मीटरवर ठेवलेली पेटी वाजवायची! माझ्याकडं एक मुलगी आली होती, लय सारखी मागं ओढायची, तबल्याच्या प्रत्येक ठेक्यावर रेंगाळायची, मला वाटलं लयीचं अंगच नाही बहुतेक. घरी जाऊन बघितलं तर सहा महिने ती ब्लूटूथ लावून सराव करत होती आणि तिची बोटं त्या उशिराची वाट बघायला शिकली होती. ते काढायला पुढं चार महिने गेले. कुणाच्या पोराकडं हे चालू असेल तर आजच्या आज वायरचा हेडफोन द्या.

स्टेजचं तर विचारूच नका. वाळवा तालुक्यातल्या एका गावात गणपतीत अभंगांचा कार्यक्रम होता, मी हौसेनं लॅपटॉप, ४९ पट्ट्यांचा कीबोर्ड आणि इंटरफेस असं सगळं घेऊन गेले. ऑर्गनचा असा भरीव आवाज तयार केला होता की बस्स. तिसऱ्या अभंगात कुणाचा तरी पाय यूएसबीच्या वायरीत अडकला आणि आवाज बंद. वायर परत लावली तर सॉफ्टवेअर ओळखेना, परत सुरू करा, परत सगळे आवाज लोड होऊ द्या, चार मिनिटं. चार मिनिटं गाणारी ताई आणि पखवाजवाले दादा नुसत्या टाळांवर ओढत होते आणि त्यांनी ते फार सुंदर निभावलं. तोवर मंडळातल्या एका आजोबांनी न विचारता देवळातली पेटी आणून माझ्यापुढं ठेवली होती. पुढचा अख्खा कार्यक्रम त्या पेटीवर झाला. सूर अर्धी पट्टी चढा होता, गाणाऱ्या ताईंनी तो पण घेतला.

तेव्हापासून बाहेर कार्यक्रमाला कॅसिओ. जनरेटर बदलताना लाइट गेली तरी आली की पंधरा-वीस सेकंदात उभा, सुंदरीचा (सनईसारख्या छोट्या वाद्याचा) टोन ज्या बटनावर काल होता त्याच बटनावर आज, आणि मंडपातल्या धुळीत, उन्हात तो तक्रार करत नाही. खरं बघितलं तर कॅसिओ म्हणजे पण कॉम्प्युटरच, आत प्रोसेसर आहे, मेमरी आहे. फरक एवढाच की तो एका कामाला जुंपलेला आहे आणि त्याला दुसरं काही सुचत नाही. मला वाद्याकडनं हेच पाहिजे असतं. वाजवायला बसल्यावर मधेच मेल येऊ नये, आणि हजार टोनमधला कुठला निवडू यात सरावाचा अर्धा तास जाऊ नये. पेटीला एकच आवाज आहे, म्हणून पोरं पेटीवर लगेच वाजवायला लागतात.

पण एक गोष्ट मला लॅपटॉपनंच दिली, ती ना पेटी देऊ शकली ना कॅसिओ, म्हणजे निदान माझा तरी नाही. गंधार. तंबोरा चांगला जुळला, जवारी (तारा टेकतात तो घोडीचा माथा) उघडली आणि तारेखाली सूत बरोबर जागी बसलं की पंचम आणि षड्ज वाजत असताना आत आपोआप गंधार ऐकू येतो. मिरजेतले कारागीर ज्यासाठी एकेक दिवस जवारी घासत बसतात ते हेच. आता पेटीवरचा शुद्ध गंधार त्याच्याशी लावून बघा, पेटीचा वर असतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पेटीचा ४०० वर आणि तंबोऱ्यातला ३८६ वर, १४ सेंटचा फरक. ऐकायला छोटा वाटतो, पण दोन्ही एकत्र धरले की आवाजात लाटा उठतात, नुसतं घासतं. लॅपटॉपवर मी तेवढी एक पट्टी १४ सेंटनं उतरवली आणि तंबोऱ्याबरोबर धरली. लाट थांबली. अशी थांबली की पट्टी दाबलीय का नाही हे बोटाकडं बघून खात्री करावी लागली, आवाज तंबोऱ्यात विरघळून गेला होता.

आण्णा तेव्हा होते. त्यांना मुद्दाम बोलावून ऐकवलं. लॅपटॉपवर काही वाजवलं की ते एरवी उठून जायचे. त्या दिवशी डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "परत धर." मी परत धरला. मग म्हणाले, "आमचा जन्म गेला चढ्या गंधारात."

पेटीला पण हेच सगळं ऐकावं लागलं होतं की. मूळची युरोपातली, १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये तिचं पेटंट झालं, तेव्हा ती पायानं मारायची होती, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हातभात्याची केली. तरी १९४० ला ऑल इंडिया रेडिओनं तिला बंदी केली, मींड (एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, सूर ठरलेले, परकी आहे म्हणून, आणि ती बंदी सैल व्हायला १९७० उलटून गेलं. आणि आता पेटीशिवाय आपलं एक कीर्तन उभं राहत नाही. म्हणून लॅपटॉप परका आहे या कारणासाठी त्याला नाव ठेवायला मी तयार नाही. माझं भांडण कुलपाशी आहे. जे वाद्य उघडायला बनवणाऱ्याची परवानगी लागते, जे तो दुकान बंद करून गेल्यावर माझ्या घरात मुकं होतं, त्याच्यावर पोरानं आयुष्याची दहा वर्षं घालावीत असं मला वाटत नाही. घ्यायचंच असेल तर फुकटची, उघडी सॉफ्टवेअर आहेत, ती घ्या, आणि जे काही वाजवाल ते मिडीमध्ये पण ठेवा.

तर त्या पालकांना मी फोन केला आणि आधी विचारलं घरात जुनं काही आहे का. म्हणाले, चुलत्याचा कॅसिओ आहे, माळ्यावर पडलाय, तीन पट्ट्या वाजत नाहीत, टाकूनच द्यायचा होता. म्हटलं टाकू नका, बुधवारी पोराबरोबर पाठवा.

बुधवारी आम्ही तो जमिनीवर पालथा घातला. वीस-बावीस स्क्रू, पोरानं एकेक काढून वाटीत ठेवले. पट्ट्यांच्या खाली रबराची लांब पट्टी असते, प्रत्येक पट्टीखाली काळ्या कार्बनचे दोन ठिपके, एक जरा आधी टेकतो आणि एक नंतर. त्या दोघांच्या मधला वेळ मोजून कीबोर्डला कळतं बोट किती जोरात आलं. पोराला हे सांगितल्यावर तो पाच मिनिटं नुसता पट्टी वर-खाली करून वाकून बघत होता. ठिपक्यांखाली धूळ आणि कसला तरी चिकट थर होता, चहा सांडला असणार कुणीतरी. मेडिकलमधनं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, कानात घालायच्या काडीनं पुसून काढलं, वाळू दिलं, परत स्क्रू. मागं यूएसबीचं भोक निघालं, प्रिंटरची वायर बसली, लॅपटॉपनं लगेच ओळखला.

बंद पडलेल्या तीन पट्ट्यांत एक काळी दोनच होती. पोरानं आधी ती दाबली. मग पेटीकडं सरकला, डाव्या हातानं भाता धरला, पेटीवरची काळी दोन दाबली आणि दोन्ही एकदम धरून बसला, कुठला वर आहे ते ऐकत.